आडवं ठेवलेलं वल्हं

ज्या माणसानं मला पाण्यात उलटं लटकायला आणि तिथून पुन्हा वर यायला शिकवलं, त्या बंधूंबद्दल मी कित्येक वर्षं खोटं सांगत आलो. आधी त्यांच्या बायकोला, मग मित्रांना, आणि शेवटी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला. सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. बंधूंवर चार गोड पानं लिहून माझी चूक त्यात कुठेतरी एका ओळीत सरकवून देणं जमलं असतं. पण असली लबाडी बंधूंना चटकन कळते, म्हणून ती आधीच सांगून टाकली.

बंधू वसईजवळच्या गास गावचे. वाडीवाले. पानवेल, केळी, मोगरा आणि अधल्यामधल्या जागेत भाजी. खरं नाव वेगळंच, पण भावंडांत थोरले म्हणून घरात बंधू, आणि मग साऱ्या गावाचे बंधू. मान आखूड, खांदे रुंद आणि जीभ तिरकी. माणसाला त्याच्या नावानं हाक मारणं त्यांना जमतच नसे. आमच्यातली मेधा वसईत फिजिओथेरपी करते, तिला ते ‘डॉक्टर’ म्हणत. मी विरारला फुलपाड्यात राहतो म्हणून मी ‘फुलपाडा’. “ए फुलपाडा, चौथ्या मजल्यावर टाकीचं पाणी पिणारा माणूस तू. तुला नदी कशी कळणार?” असं चारचौघांत म्हणायचे आणि वर स्वतःच हसायचे. घरात बायकोशी, म्हणजे आमच्या वहिनींशी, ते आपल्या बोलीत बोलत, ती मला आजही नीट येत नाही. आमच्याशी मात्र शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी, त्यात शिव्या मिसळून.

तिशीत असताना बंधू गावातल्या मंडळींबरोबर हृषीकेशला गेले. मंडळी देवदर्शन करून परतली, बंधू मागेच राहिले. गंगेच्या फेसातून एक मुलगी एकटीच्या होडीतून नाचत खाली आली, उलटली, पुन्हा सरळ झाली आणि हसली, एवढं त्यांनी पाहिलं होतं. परत आले ते एका बंद पडलेल्या कॅम्पची जुनी लाल कयाक, तसलीच एकट्यानं बसायची होडी, विकत घेऊन. वसई फाट्यापासून गासपर्यंत ती टेम्पोत केळीच्या पानांखाली लपवून आणली, आणि आईला सांगितलं की बावखल साफ करायला होडी आणली आहे. आमच्याकडे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला बावखल म्हणतात. गावकरी काठावर जमून विचारायचे, “बंधू, एवढीशी होडी, त्यात मासे कुठं ठेवशील आणि स्वतः कुठं बसशील?” सुषमावहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा कयाक पडवीत टांगलेली होती. “ह्यांची पहिली बायको प्लास्टिकची,” असं त्या आल्या-गेल्याला सांगत. “मला दुसरेपणावर दिली.”

मी तिथे पोचलो तो निव्वळ कंटाळ्यापोटी. कंपनीतली नोकरी, फ्लॅटचे हप्ते, रविवारी झोप. मेधानं एकदा गासला नेलं. बंधूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कयाकमध्ये बसवलं, बावखलाच्या मध्यावर नेलं आणि काही न सांगता उलटं केलं. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढे हिरवा अंधार. धडपडत वर आलो तेव्हा ते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून चिकू सोलत होते. “काय दिसलं खाली?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “काय दिसणार? मरत होतो मी!” “मग पुन्हा जा. बघून ये.” पूर्ण उन्हाळा हेच चाललं. एके दिवशी उलटा असताना मी घाबरायचं विसरलो, पाण्याखालून वरचा माड हलताना पाहिला, मग वल्ह्याचा एक फटका आणि कमरेचा एक हिसका, आणि मी वर होतो. बंधूंनी फक्त एवढंच म्हटलं, “माडाला नारळ किती होते?” शाबासकी त्यांच्याकडून ह्यापेक्षा जास्त कुणालाच मिळाली नाही.

आमचा हंगाम पावसाळ्याचा. चांदीपच्या बाजूला तानसा, वरच्या अंगाला वैतरणा, कधी कोलाडला धरणातून सोडलेलं कुंडलिकेचं पाणी. नदी दगडांवरून कोसळत, घुसळत जाते त्या जागेला आम्ही रॅपिड म्हणतो. प्रत्येक रॅपिडच्या आधी बंधू सगळ्यांना काठावर उतरायला लावत. उभं राहून पाणी बघायचं, आणि मग एकेकानं आपलं ठरवायचं. ज्याला जायचं त्यानं वल्हं हातात धरून उभं राहायचं. ज्याला जायचं नाही त्यानं ते जमिनीवर आडवं ठेवायचं, बोट खांद्यावर घ्यायची आणि काठानं चालत खाली यायचं. आडव्या वल्ह्याला कुणी काही विचारायचं नाही. तेव्हा नाही, परतताना गाडीत नाही, आठवड्यानं फोनवरही नाही. हा बंधूंचा एकमेव कायदा. बाकी सगळ्यात ते सूट द्यायचे, अगदी हेल्मेटच्या पट्ट्यावरून नुसती शिवी देऊन भागवायचे, इथे नाही. मेधानं एकदा कुंडलिकेवर वल्हं ठेवलं तेव्हा कुणीतरी सहज “बरं वाटत नाही का?” म्हणालं. बंधूंनी त्या माणसाला परत कधी बोलावलं नाही.

मी स्वतः वल्हं ठेवलं ते वैतरणेवर. पाणी तांबडं, फुगलेलं, आणि माझे पाय नुसते थरथरत होते. शरम एवढी वाटत होती की बोट उचलायलाही वाकता येईना. बंधू आले, आपली बोट एका खांद्यावर आणि माझी दुसऱ्यावर घेतली आणि चिखलातून खाली चालायला लागले. त्यांना स्वतःला जायचं होतं, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळलं होतं. खाली चहाच्या टपरीवर ते तासभर भेंडीवर पडलेल्या रोगाबद्दल बोलत होते. भेंडीबद्दल इतकं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं होतं, ह्या माणसासाठी आपण काहीही करू.

काय केलं ते आता सांगतो.

लडाखला जायचं बंधूंचं जुनं स्वप्न होतं. वाळवंटातून वाहणारी नदी बघायची म्हणायचे. जिथे झाड नाही, पाऊस नाही, तिथं एवढं पाणी येतं कुठून? आम्ही तिघं झांस्कर नदीवर गेलो. आमच्याबरोबर पुण्याचे दोघं होते. परदेशातल्या नद्यांवर जाऊन आलेले, नवीन बोटी, उडता कॅमेरा. पुढच्या वर्षी ते एका मोठ्या मोहिमेसाठी माणसं निवडणार होते आणि त्यांनी मला निवडावं म्हणून मी पहिल्या दिवसापासून त्यांच्या पुढेपुढे करत होतो. त्यांच्या विनोदांना जरा जास्तच हसत होतो. बंधूंना ते ‘काका’ म्हणत. बंधू त्यांना ‘सिनेमावाले’ म्हणत, आणि ते ऐकू आलं की मी मधे पडून सारवासारव करत असे.

तिसऱ्या दिवशी दुपारी, उन्हानं बर्फ वितळून पाणी चढलेलं असताना, एक वळण आलं. दोन्ही बाजूंना उघडेबोडके तपकिरी कडे आणि मधून सिमेंट कालवल्यासारखं करडं पाणी. एका मोठ्या खडकावरून ते खाली पडत होतं आणि स्वतःवरच उलटं फिरत होतं. अशा जागी बोट अडकली की पाणी ती सोडत नाही. आम्ही काठावर उतरलो. बंधूंनी बराच वेळ पाहिलं. मग मागे वळले, रेतीत वल्हं आडवं ठेवलं आणि बोटीतलं पाणी काढायला लागले.

पुण्याच्या एकानं मला विचारलं, “काय झालं? काका येत नाहीयेत का?”

त्याला नियम माहीत नव्हता. ‘आमच्यात विचारत नाहीत’ एवढं सांगणं माझं काम होतं. त्याऐवजी मी मोठ्यानं, बंधूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “का हो बंधू? गासच्या बावखलाइतकं शांत नाही म्हणून?”

दोघं हसले. मला आणखी चेव आला. “वर रस्त्यावर गाडी आहेच. ड्रायव्हरला सांगू का, काकांसाठी पुढची सीट रिकामी ठेव म्हणून?”

“सतीश!” मेधा दबक्या आवाजात म्हणाली.

बंधूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चिडले असते तर बरं झालं असतं. आपल्याच वाडीतल्या टोपलीत खाली सडका माल निघाल्यावर ते ज्या नजरेनं टोपलीकडे बघत, त्या नजरेनं त्यांनी मला पाहिलं. मग वल्हं उचललं, बोटीत बसले आणि पाण्यात शिरले.

खडकाच्या डाव्या अंगानं त्यांना निघायचं होतं, ते हातभर उजवीकडे पडले. पाण्यानं बोट धरली, आडवी केली आणि घुसळायला लागलं. ते दोनदा उलटले, दोनदा वर आले. तिसऱ्यांदा वर येताना उजवा हात डोक्याच्या मागे खेचला गेलेला दिसला, आणि मग फक्त लाल बोटीचं बूड. ते निघताच मेधा दोर घेऊन खाली धावली होती. तिनं तो अचूक फेकला आणि बंधूंनी डाव्या हातानं पकडला. बाहेर काढलं तेव्हा उजवा खांदा जागेवर नव्हता, आणि हात कुणा दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता. ते ओरडले नाहीत. दात आपटत होते, ते थंडीनं.

लेहच्या दवाखान्यात खांदा बसवला, पण आतल्या नसा ताणून गेल्या होत्या. पुढे मुंबईत दोन शस्त्रक्रिया झाल्या, मेधानं कित्येक महिने व्यायाम करून घेतले. उजवा हात खांद्याच्या वर काही जाईना. आजही जात नाही. पानवेलीची वाडी वर हात केल्याशिवाय राखता येत नाही. वेल वर चढवायची, बांधायची, उतरवायची. सगळा कारभार डोक्याच्या वरचा. दोन वर्षांत पानवेल गेली. मोगरा वहिनी एकट्या बघायला लागल्या. बावखलावर जलपर्णी पसरली.

आणि माझं खोटं. लेहच्या दवाखान्यातून वहिनींना फोन मी केला. त्यांनी रडत विचारलं, “असं कसं झालं? तुम्ही सगळे होतात ना तिथे?” मी म्हणालो, “आम्ही सगळे नको म्हणत होतो, वहिनी. बंधूंनी ऐकलं नाही.” ते वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. पण आलं ते अगदी तयार होऊन, अडखळलंसुद्धा नाही. मेधा तेव्हा बाहेर औषधं आणायला गेली होती. तिला हे फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर ती एवढंच म्हणाली, “तू सांगशील, की मी सांगू?” मी म्हणालो, मी सांगतो. आणि सांगितलं नाही. तिनं माझ्याशी बोलणं तोडलं. पण सांगायचं माझ्यावर सोडलं होतं, म्हणून स्वतःहून सांगायला ती गेली नाही.

पुण्याच्या लोकांनी मला मोहिमेसाठी निवडलं नाही, हे सांगून कुणाची सहानुभूती मिळवायची नाही. मी इथेच राहिलो, वसई-विरारच्या नव्या मुलामुलींना शिकवायला लागलो. आणि दर वर्षी पहिल्या दिवशी, अहंकार किती धोक्याचा असतो हे समजावण्यासाठी, मी ‘एका अनुभवी माणसाची’ गोष्ट सांगत असे. सगळे नको म्हणत असताना वयाचं भान न ठेवता पाण्यात उतरलेल्या माणसाची. गोष्ट परिणामकारक होती. मुलं एकदम गप्प व्हायची.

मागच्या पावसाळ्यात चांदीपजवळ तानसेच्या काठी आमचा असाच वर्ग होता. मी गोष्ट सांगत होतो आणि मागे कुणाची तरी गाडी थांबली. मेधा उतरली, तिच्यामागून बंधू. तिनं त्यांना नदी बघायला म्हणून आणलं होतं. मी तिथे असेन हे तिला माहीत होतं की नाही, ते मी आजवर विचारलेलं नाही. कुणीतरी त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. मी थांबू शकलो असतो. पण गोष्ट अर्धी झाली होती, वीस चेहरे माझ्याकडे बघत होते, आणि मी ती पूर्ण केली. तोंड आपोआप चालू होतं. ‘सगळे नको म्हणत होते’ हे वाक्यही आलं, नेहमीच्या जागी, नेहमीच्या सुरात.

शेजारी बसलेल्या एका मुलीनं बंधूंना विचारलं, “काका, तुम्ही ओळखता का त्यांना? आहेत का ते अजून?”

“ओळखायचो,” बंधू म्हणाले. “आता फारशी भेट होत नाही.”

मग त्यांनी डाव्या हातानं चहाचा कप घेतला आणि पाण्याकडे बघत बसले. माझ्याकडे त्यांनी त्या दिवशी एकदाही पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी मी गासला गेलो. बंधू मागच्या वाडीत केळीची सुकी पानं काढत होते. उजवा हात जाईल तिथपर्यंतच. वरची पानं तशीच लोंबत होती. मी समोर उभा राहिलो. वाटेत स्कूटरवर जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

“बंधू, मला काही सांगायचंय. त्या दिवशी झांस्करला...”

“मला काय सांगतोस?” त्यांनी पान ओढत म्हटलं. “मी तिथेच होतो.”

“फोनवर मी वहिनींना...”

“ते पण ऐकलं. खाट दाराजवळच होती.” पान तुटून खाली पडलं. “मला वाटलं, घाबरलाय पोरगा, दोन दिवसांनी दुरुस्त करील. मग वाटलं, घरी गेल्यावर करील. मग सोडून दिलं.”

“तुम्ही का नाही सांगितलंत त्यांना?”

“काय सांगू? मला एकजण हसला म्हणून मी पाण्यात उडी घेतली? या वयाला? त्यापेक्षा हट्टी म्हातारा बरा.” ते थोडं हसले, आणि ते हसू मला सोसवेना. “तिचंही चुकत नाही. सगळे नको म्हणत असताना जाणाऱ्या माणसाला बायको काय ओवाळणार? जेवायला वाढताना ऐकवते, वाडीत ऐकवते, पाहुणे आले की पाहुण्यांसमोर ऐकवते. परवा नातवाला सांगत होती, आजोबांसारखा हेकट होऊ नकोस.”

आणि मग, एवढं सगळं झाल्यावरही, माझ्या तोंडून निघालंच, “पण त्या दिवशी तुम्ही वल्हं ठेवलं होतं, ते कशासाठी? काय दिसलं होतं तुम्हाला पाण्यात?”

बंधूंनी हातातलं काम थांबवलं. “अजून तेच विचारतोयस, फुलपाडा?” पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “काही दिसलं नव्हतं. मन होत नव्हतं, बस्स. कारण असलेला माणूस कारण सांगतो की रे! ज्याला सांगता येत नाही त्याच्यासाठी केला होता तो नियम. तुझ्यासाठी केला होता. वैतरणेवर तुला होतं का काही कारण?”

नव्हतं. फक्त पाय थरथरत होते.

“जा,” ते म्हणाले. “जिला माहीत नाही तिला सांग. ती पडवीत आहे.”

वहिनी पडवीत सूप पुढ्यात घेऊन मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या. मला बघून नेहमीसारख्या म्हणाल्या, “या, सतीशभाऊ. बघितलंत ना तो हात घेऊन कसे राबतात ते? सांगून उपयोग नाही. तुम्ही सगळे नको म्हणत होतात तेव्हा ऐकलं नाही, तर माझं काय ऐकणार आहेत?”

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसलो असतो तर पुन्हा काहीतरी मऊ केलं असतं. “वहिनी, नको कुणीच म्हणत नव्हतं. नको फक्त बंधू म्हणाले होते. ते जाणारच नव्हते. मी लोकांसमोर त्यांची टिंगल केली, म्हणून गेले. आणि तुम्हाला फोनवर मी खोटं सांगितलं.”

त्यांचे हात कळ्यांतच राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे. बंधू अंगणात येऊन उभे होते. वहिनींनी त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. बंधूंनी होकारार्थी मान हलवली.

“इतकी वर्षं,” वहिनी म्हणाल्या. “जेवताना, झोपताना. ह्यांना ताप असतानासुद्धा मी बोलले आहे. आणि तुम्ही दर दिवाळीला माझ्या हातचा फराळ खाऊन गेलात.”

मी म्हणालो, “हो.”

“मग मला काय सांगताय उभं राहून? तिकडे वळा. माझ्यासमोर म्हणा त्यांना.”

मी वळलो. बंधू दुसरीकडे बघत होते, डाव्या हातानं उजवा दंड धरून. त्यांनी माझ्याकडे बघावं म्हणून मी थांबलो. त्यांनी पाहिलं नाही. पाहायला हवं असं मागायचा मला हक्कही नव्हता. तेव्हा मी त्यांच्या खांद्याकडे बघूनच म्हणालो, “बंधू, तुम्ही माझी बोट उचलून नेलीत आणि मी तुम्हाला लोकांसमोर हसलो. तुमचा हात माझ्यामुळे गेला, आणि घरातली तुमची पत माझ्या खोट्यामुळे गेली. माझं चुकलं. मला माफ करा असं म्हणत नाही. माझं चुकलं, एवढंच.”